फटफटीची मूठ

आमच्या अंगणात फटफटी सुरू झाली आणि जागची हलली नाही, की समजायचं, आत आईला मार बसतोय. हे मला कळत होतं, शेजारच्या वत्सलाकाकूला कळत होतं, समोर विहाराच्या पायरीवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांनाही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि कळलं म्हणून कबूल करणं वेगळं. गाडीचा आवाज एवढा मोठा की बाकी काही ऐकूच येत नाही, अशी सगळ्या गल्लीची सोय होती. ती सोय आबांनी करून दिली होती आणि गल्लीनं ती मुकाट्यानं घेतली होती. आता या वयात मी कुणाची भीडभाड ठेवत नाही, म्हणून सरळ लिहिते.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेले. सहा फूट उंच, पाठ सरळ, मिशी कातरलेली, कपड्याला कडक इस्त्री. दारूचा थेंब नाही, तंबाखू नाही, पत्त्याला हात नाही. कुंडलपासून तासगावपर्यंत आमच्या समाजात कुणाचं लग्न मोडायला आलं, भावाभावांत जुंपली, की आबांना बोलावणं यायचं. आबा जायचे, शांतपणे दोन्ही बाजू ऐकायचे आणि मिटवून यायचे. आणि घरी भाकरी गार झाली म्हणून त्यांच्या कमरेचा पट्टा सुटायचा. पट्टा फौजेतलाच, रुंद, पितळी बकलाचा. ते बकल दर रविवारी चिंचेनं घासून लख्ख कोण करायचं? आईच करायची. मला हे आठवलं की आजही राग येतो, आणि राग आईचाच येतो, हे आधीच सांगून टाकते. मारणाऱ्या बापाला आम्ही अहो-जाहो करायचो आणि मार खाणाऱ्या आईला अगं-तुगं.

घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. पहाटे स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायचा, मग भाकरी थापल्याचा. आई थापायची तेव्हा त्या आवाजावरून मला रात्री काय झालं ते समजायचं. एका हातानं थापली की आवाज बोदा यायचा, म्हणजे दुसरा हात दुखावलेला आहे. जेवायला हुलग्याचं माडगं, मिरचीचा खर्डा, आणि बाजारादिवशी तव्यावर भाजलेला सुका बोंबील. बोंबलाचा वास गल्लीभर जायचा आणि वत्सलाकाकू भिंतीवरनं वाडगं पुढं करायची. "शेवंता, जरा रस्सा घाल गं," म्हणायची. आई वाडगं भरून द्यायची. तिच्या मनगटावरचे वळ काकूच्या डोळ्यांसमोर असायचे. काकू म्हणायची, "लय झ्याक झालाय." दोघी भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून बोंबलावर बोलत राहायच्या.

फटफटी आबांनी फौजेच्या लिलावात घेतलेली. साडेतीनशेची, हिरवी, अंगानं म्हशीएवढी. ती सुरू करणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हतं. आधी टाकीच्या पुढचा काटा मधोमध आणायचा, मग सगळ्या वजनानिशी किकवर उभं राहायचं. चुकलं तर किक उलटी येऊन नडगी फोडायची. इंजिन थंड असलं की सुरू होऊनसुद्धा दोन मिनिटांत फुसकन बंद पडायचं. म्हणून कुणीतरी शेजारी उभं राहून मूठ पिळत राहावं लागायचं. उजव्या हाताच्या ॲक्सिलेटरला आमच्याकडे नुसतं मूठच म्हणतात. मी दहा वर्षांची होते तेव्हापासून हे काम माझं. आबा किक मारायचे, पट्टा सोडायचे आणि आत जाता जाता म्हणायचे, "सुमे, मूठ धर. बंद पडू देऊ नको."

मी धुण्याच्या दगडावर उभी राहून मूठ धरायची. तशी मी आजही चार फूट आठ इंचच आहे. आमच्या बाजूला कानडी मुलखाचा वारा लागतो, त्यामुळे बुटक्याला गिड्डा म्हणतात. मला सगळे गिड्डीच म्हणायचे. तर ही गिड्डी दगडावर उभी, समोर फटफटी डुगडुगतेय, आणि आत दार लावलेलं. आत आई ओरडत असेल आणि गाडीमुळे मला ऐकू येत नसेल, असं मला वाटायचं. आवाज जरा खाली बसला की मी घाईघाईनं मूठ पिळायची. आबांच्या भीतीनं पिळायची, आणि मला ऐकू येऊ नये म्हणूनही पिळायची. हे मी तीस वर्षं नर्सचं काम करणाऱ्या बाईच्या तोंडानं सांगतेय, जिनं हजार बायकांना विचारलं असेल, "हा वळ कशाचा?" आणि पडले म्हणून सांगितल्यावर ते तसं लिहून घेतलं नाही.

मी एकोणीस वर्षांची झाले त्या वर्षी गावात एसटीडीचं पिवळं खोकं आलं, आणि आबांच्या डोक्यात जयंतीचं खूळ आलं. मिरवणुकीच्या पुढं आपली मुलगी फटफटीवर बसून निळा झेंडा घेऊन जाणार. तालुक्यात असं कुणी केलं नव्हतं. अडचण एकच, की मी गाडीवर बसले तर माझे पाय हवेत. आबांनी मला मागं घातलं आणि गाडी तासगावला अब्बास मिस्त्रीकडं नेली.

अब्बास मिस्त्री पन्नाशीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी मला गाडीवर बसवलं, टाचेखाली हात घालून किती अंतर राहतं ते बोटांनी मोजलं. चार बोटं एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला.

"ताई, घाबरू नगा," ते म्हणाले. "गाडीवर बसनाऱ्याचा पाय टेकला पायजे. पाय टेकला का भ्या जातं. पळतीवर कोन पडत न्हाई, मानूस उबं ऱ्हाताना पडतंय."

त्यांनी गादी उसवून आतला रबर कापला. मागचे शॉकअप काढून दुसऱ्या बारक्या गाडीचे आखूड घातले. पुढच्या स्प्रिंगा बाहेर काढून करवतीनं दोन-दोन वेढे उडवले. शेवटी बाजूचा स्टँड कापून परत डाग देऊन जोडला. मी विचारलं, स्टँड कशाला कापला? म्हणाले, "गाडी खाली आली आन स्टँड तेवढाच ऱ्हायला तर गाडी ताठ उबी ऱ्हाती. वाऱ्यानं पलीकडल्या अंगाला पडंल." मी परत बसले. दोन्ही चवडे पुरते टेकले. खरं सांगते, मला तेव्हा जो आनंद झाला तो पुढं नोकरीचा कागद हातात आला तेव्हाही झाला नाही.

आबा तेवढ्यात पलीकडं चहा पिऊन आले. त्यांनी करवतीनं उडवलेले स्प्रिंगांचे तुकडे जमिनीवर पाहिले आणि मिस्त्रीकडं पाहिलं. "हे कापायला कुणी सांगितलं? एका दिवसाचं काम होतं. जयंती झाली की परत वर करायची होती."

मिस्त्री चपापले. "एका दिसासाठी कोन गाडी उतरवतंय आबा? मला वाटलं, गाडी आता ताईलाच दिली."

गिऱ्हाइकं उभी होती, म्हणून आबा हसले. नव्या स्प्रिंगा सांगलीहून मागवायच्या ठरल्या, त्या यायला पंधरा दिवस लागणार होते. एवढीच ती चूक. लेकीसाठी गाडी बुटकी करतोय म्हणजे बापाला लेकीचं कौतुक आहे, असं त्या भल्या माणसानं धरलं.

मग आबांनी मला शिकवलं, माळावर, निरगुडीची शिपटी हातात घेऊन. त्या गाडीचा गिअर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या. पाय चुकला की घोट्यावर शिपटी. क्लच एवढा जड की माझी बोटं आखडायची. बोट सुटलं की शिपटी. चार दिवसांत घोटे सुजले आणि गाडी चालवता आली. शिकवणारे आबा होते आणि शिकले मी, यात त्यांचे उपकार मानायचे की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

जयंतीला मी पांढरी साडी नेसून सगळ्यांत पुढं. किक आबांनी मारून दिली. हलगी, लेझीम, गुलाल नाही, नीळ उधळलेली. बायका दारादारांतून बघत होत्या, काहींनी मला ओवाळलं. आई नव्हती. आदल्या दिवशी त्याच साडीवर इस्त्रीचा डाग पडला होता, म्हणून तिचा डावा डोळा मिटला होता. आबांनी सगळ्यांना सांगितलं, तिला ताप आहे. मग विहारासमोर स्टेजवर उभे राहून म्हणाले, "बाईला वर आणायचं असेल तर पुरुषानं थोडं खाली यावं लागतं. मी माझी गाडी खाली आणली." काय टाळ्या पडल्या म्हणता. ते वाक्य पुढं कित्येक वर्षं आमच्या भागात भाषणांत वापरलं गेलं. मी स्वतः दोनदा ऐकलं, आणि दोन्हीदा उठून बाहेर गेले.

टाळ्या एका दिवसाच्या, गाडी मात्र पंधरा दिवस बुटकीच राहणार होती. आबांना तीच चालवायला लागायची. सहा फुटांचा माणूस, गुडघे कोपरांच्या वर, हँडल मांडीत. पोरं तोंडावर हात ठेवून हसायची. एके दिवशी एसटी स्टँडवरच्या हॉटेलात कुणीतरी चारचौघांत म्हणालं, "आबा, गाडी खाली आली का गुडगं वर गेलं? बेडकावानी दिसतंय." सगळं हॉटेल हसलं. हे मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच, की संध्याकाळी पाण्याच्या वेळेला, नळावर बायकांची रांग असताना, आबा आले, गाडी बंद न करता स्टँडवर लावली आणि म्हणाले, "सुमे, मूठ."

आई दारात आली, हाताला पीठ. तिनं काय केलं होतं? काही नाही. आबांनी तिचा अंबाडा धरला. दुसऱ्या हातानं पट्टा ओढून काढला आणि मुठीत उलटा घेतला. नेहमी बकल त्यांच्या मुठीत असायचं आणि चामडं आईच्या अंगावर. त्या दिवशी चामडं मुठीत होतं आणि बकल मोकळं लोंबत होतं. मी ते पाहिलं. आईनं मी पाहिल्याचं पाहिलं. मग दार लागलं. या बकलानं आज ही मरणार, एवढं मला लख्ख समजलं, आणि माझ्या हातात मूठ होती.

आता मी काय केलं ते नीट सांगते, कारण गावात त्याची दुसरीच गोष्ट झाली. मी दगडावरून उतरले. साडी वर खोचली, पाय टाकून गाडीवर बसले. चवडे टेकले. गाडी सरळ केली, स्टँड टाचेनं वर मारला, क्लच दाबला, गिअर टाकला आणि गेले. आईला सोडवायला नाही. मदत आणायलाही नाही. मला तिथं उभं राहवेना म्हणून गेले. नळावरच्या बायका बाजूला सरकल्या, कुणाची तरी घागर लवंडली, आणि मी गल्लीतून बाहेर, वेशीतून बाहेर, कारखान्याच्या फाट्यापर्यंत, पहिल्याच गिअरात, इंजिन बोंबलतंय तरी पुढचा गिअर टाकायचं सुचलं नाही.

फाट्यावर थांबले. पाय टेकले. उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या, बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. मी मोठमोठ्यानं रडत होते आणि मूठ पिळत होते, सवयीनं. तेव्हा एकदम ध्यानात आलं, की आवाज इथं आहे. आवाज माझ्याबरोबर आलाय. मग गल्लीत आत्ता काय ऐकू येत असेल? गाडी वळवली.

इकडं काय घडलं ते वत्सलाकाकूनं मला शंभर वेळा सांगितलं, आणि दर वेळेला खाली बघून सांगितलं. गाडीचा आवाज लांब गेला. नळाच्या पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. आणि मग आई ओरडली. नाव घेऊन नाही, शब्द नाही, नुसती ओरडली. नळावरच्या सात-आठ बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. ती दुसऱ्यांदा ओरडली. काकू म्हणाली, "आता काय म्हनायचं गं? ऐकू आलं न्हाई म्हनायचं?" आणि तिनं घागर खाली ठेवून धुण्यातलं धोपाटणं उचललं.

मी पोचले तेव्हा दार मोडलेलं होतं. आई ओट्यावर बसली होती, डाव्या कानातून रक्त मानेवर, मानेवरून पोलक्यावर. एका बाईनं तिला पदरानं झाकलं होतं. आबा गल्लीत उभे होते, पट्टा हातातच, आणि सगळ्यांना समजावत होते. समजवायचा तोच तो शांत आवाज, दोन घरांत समेट करतानाचा. "घरगुती बाब आहे. तुम्ही आपापल्या घरी जा." विहाराच्या पायरीवरचे म्हातारे उठून निघालेसुद्धा होते. मग आबांनी मला पाहिलं.

"उतर खाली," आबा म्हणाले.

मी उतरले नाही. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. बकल वरच्या दातांवर आलं आणि पुढचा दात तुटून जिभेवर पडला. रक्त टाकीवर सांडलं. पण गाडी पडली नाही. दोन्ही चवडे जमिनीत रोवलेले होते. गाडी पहिल्यासारखी उंच असती तर पहिल्या फटक्यालाच आडवी झाली असती, आणि मी तिच्याखाली. तिसऱ्यासाठी आबांनी हात उचलला आणि वत्सलाकाकूचं धोपाटणं त्या मनगटावर उतरलं. हाड मोडल्याचा आवाज मला गाडीवर ऐकू आला. ते खाली वाकले तेव्हा दुसरीनं पाठीत घातलं, तिसरीनं घागरीनं. कुणी शिवी दिली नाही, कुणी ओरडलं नाही. धुणं बडवावं तसं बडवलं त्यांनी माझ्या बापाला. मी नर्स आहे, जखमी माणूस दिसला की माझे हात आपोआप पुढं होतात. पण तेव्हा मी नर्स झाले नव्हते, आणि मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. शेवटी आईच म्हणाली, "पुरं करा. मरंल."

आबा प्लॅस्टर घालून साताऱ्याला चुलत्यांकडं गेले ते तिथंच राहिले. तिथं त्यांनी सांगितलं, बुटक्या गाडीवरून पडलो. नव्या स्प्रिंगा आल्याचा निरोप मिस्त्रीनं पाठवला, तर मी कळवलं, राहू द्यात. गाडीला किक मारणं मला कधीच जमलं नाही. उताराला लावायची, गिअर टाकायचा आणि ढकलत सुरू करायची. तशीच मी आईला मागं बसवून सांगलीला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. पडदा फाटलेला होता, तो कान गेलाच.

गावात गोष्ट अशी झाली, की गिड्डी लय हुशार. तिनं मुद्दाम गाडी नेली, म्हणजे बापाचं बिंग गल्लीला ऐकू जावं. माझ्या लग्नात ही गोष्ट सांगितली गेली, नर्सिंगच्या निरोप समारंभात सांगितली गेली. मी कधी नाही म्हटलं नाही. आत मात्र मला ठाऊक होतं, की मी पळाले होते, आणि त्याआधी नऊ वर्षं मूठ पिळत होते.

आई गेली त्याच्या आदल्या वर्षी मी हे तिच्या उजव्या कानाशी बसून सांगितलं. शेंगा सोलत होती. मी म्हटलं, आई, मी तुला सोडून पळाले गं. आणि इतकी वर्षं तू आत ओरडत होतीस आणि मी बाहेर आवाज वाढवत होते.

"कोन वरडत हुतं?" आई म्हणाली. "मी कवाच वरडले न्हाई. पदराचा बोळा तोंडात घालत हुते."

मी म्हटलं, का? गाडीच्या आवाजात कुणाला ऐकू येणार होतं?

"तू हुतीस की दारात. धा वरसाचं पोर, मूठ धरून उबं. मी वरडले आन तुला ऐकू आलं तर?" तिनं सोललेली शेंग टोपलीत टाकली. "त्या दिशी फटफटी लांब गेली. वेस वलांडली, फाट्याकडं गेली. मी कान देऊन ऐकत हुते. म्हनलं, गेली पोर लांब. आता वरडाया हरकत न्हाई."